नेक्स्टक्लाउड : घरच्या सर्व्हरवर मोठी फाइल चढवताना

जत्रेतील नाटकाचे दोन कॅमेऱ्यांवर केलेले चित्रण 50 गीगाबाइटांच्या पुढे सहज जाते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशी नाटके करणाऱ्या मंडळांना आज चित्रण करण्याची अडचण नाही. अडचण आहे ती ते ठेवायचे कोठे आणि गावोगाव विखुरलेल्या सभासदांनी ते एका जागी आणून टाकायचे कसे, याची. भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड-साठवणीचे मासिक शुल्क वर्गणीतून निघत नाही, म्हणून फोंडा तालुक्यातील आमच्या मंडळाने एका सभासदाच्या घरी छोटा सर्व्हर ठेवून त्यावर नेक्स्टक्लाउड ही स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्याची प्रणाली बसवली. या प्रणालीतील कॅलेंडर, संपर्कयादी किंवा कागदपत्रांचे संपादन यांचा विचार मी येथे करणार नाही. मोठी फाइल चढवायला ती किती वेळ घेते आणि वेळ लागलाच तर त्याचे कारण शोधायला किती मदत करते, एवढेच तपासायचे आहे.

नेक्स्टक्लाउड 2016 मध्ये ओनक्लाउड या तशाच प्रणालीपासून वेगळे झाले. दोन्हींच्या मुळाशी फ्रँक कार्लिचेक हे एकच नाव आहे. नेक्स्टक्लाउड पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले असून एजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली विनामूल्य मिळते. साठवण म्हणून ते भरवशाचे आहे, याबद्दल मला शंका नाही. वेगाच्या बाबतीत मात्र मत थोडे गुंतागुंतीचे आहे. अपलोड रखडते तेव्हा दोष बहुधा नेक्स्टक्लाउडचा नसतोच. पण तो कोणाचा, हे कळायला नेक्स्टक्लाउडचा पडदा काहीही मदत करत नाही आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा उणेपणा आहे. एक पट्टी पुढे सरकते आणि मध्येच थबकते. ती इंटरनेटमुळे थबकली, डिस्कमुळे थबकली की वाटेतल्या प्रॉक्सीमुळे (विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमुळे), हे वापरणाऱ्याने स्वतःच शोधून काढायचे.

हा शोध नेक्स्टक्लाउड बाजूला ठेवूनच सुरू करावा लागतो. आयपर्फ-3 हे साधन फक्त जाळ्याचा वेग मोजते, त्यात डिस्क किंवा पीएचपी यांचा संबंध येत नाही. त्यामुळे एकाच चाचणीत अर्धे प्रश्न निकालात निघतात. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटांत सांगते आणि फाइलचा आकार आपण मेगाबाइटांत मोजतो, म्हणजे 100 मेगाबिटांच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइट जातात आणि 50 गीगाबाइटांना तासाहून अधिक वेळ लागणारच. दुसरे असे की, बाहेरचा सभासद फाइल चढवतो तेव्हा त्याच्या घरची अपलोड-क्षमता आणि सर्व्हरच्या घरची डाउनलोड-क्षमता कामी येते. त्याची अपलोड-क्षमता 20 मेगाबिट असेल, तर तेच चित्रण साडेपाच तास घेईल आणि सर्व्हरवर कितीही फेरफार केले तरी त्यात मिनिटाचाही फरक पडणार नाही. वायफायबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुन्या घरांतील चिऱ्यांच्या जाड भिंती पाच गीगाहर्ट्झच्या लहरींना फारशी वाट देत नाहीत, म्हणून चाचणी तरी केबल जोडूनच करावी.

यानंतर डिस्क. अनेक जण घरात पडून असलेला रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक सर्व्हर म्हणून वापरतात. त्यातील 3 बी प्लस या प्रकारात इथरनेट यूएसबी-2 च्याच वाटेने जाते, त्यामुळे जाळे 300 मेगाबिटांच्या आसपास अडते आणि बाहेरची हार्ड डिस्कही त्याच वाटेवर भागीदार होते. पाय 4 मध्ये ही अडचण दूर झाली. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस रचनेत असेल आणि लिनक्सवर जुन्या फ्यूज-आधारित (कर्नलबाहेर चालणाऱ्या) ड्रायव्हरमधून जोडली असेल, तर लिहिण्याच्या कामात प्रोसेसरच दमतो. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी-4 रचनेत करून घेणे हाच मार्ग. स्वस्त आणि मोठ्या हार्ड डिस्कांपैकी काही एसएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात. त्यांचा पहिला काही भाग झपाट्याने भरतो आणि अंतर्गत कॅशे संपल्यावर वेग कोसळतो, त्यामुळे छोट्या फाइलने केलेली चाचणी फसवी ठरते. मापन नेहमी सर्व्हरच्या रॅमपेक्षा मोठ्या फाइलने करावे, नाहीतर आपण डिस्क नव्हे, रॅम मोजत असतो.

जाळे आणि डिस्क या दोन्ही कसोट्या पार झाल्या आणि तरीही अपलोड रेंगाळत असेल, तर मग नेक्स्टक्लाउडच्या अंतरंगाकडे वळावे. ब्राउझरमधून मोठी फाइल एकसंध जात नाही, तिचे तुकडे केले जातात. जुन्या आवृत्त्यांत हा तुकडा 10 मेगाबाइटांचा असतो, म्हणजे 50 गीगाबाइटांसाठी सुमारे 5000 वेगवेगळ्या विनंत्या होतात आणि प्रत्येक विनंतीला ओळख पटवणे, डेटाबेस पाहणे आणि (फाइल एका वेळी दोघांनी बदलू नये म्हणून) कुलूप लावणे हे सोपस्कार पार पाडावे लागतात. शिवाय सगळे तुकडे आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरतात आणि शेवटी त्यांची जुळणी होऊन मूळ फाइल पुन्हा लिहिली जाते, म्हणजे डिस्कला लिहिण्याचे काम दुप्पट पडते. पट्टी पूर्ण भरल्यावरही प्रक्रिया सुरू असल्याची सूचना बराच वेळ दिसते, ती या जुळणीमुळे. तेव्हा पान बंद करण्याचा मोह टाळावा. मॅक्स चंक साइझ ही तुकड्याच्या आकाराची सेटिंग वाढवली की विनंत्यांची संख्या घटते, आणि दमदार सर्व्हरवर हा बदल सर्वांत आधी करून पाहण्याजोगा आहे.

नेक्स्टक्लाउडच्या पुढे उभा राहून विनंत्या स्वीकारणाऱ्या इंजिनेक्स या वेब-सर्व्हरचा भाग मात्र खोलात जाऊन समजून घेण्यासारखा आहे, कारण येथे अडचण लपून बसते. एका विनंतीत किती मजकूर येऊ शकतो याची क्लायंट मॅक्स बॉडी साइझ ही मर्यादा मुळात 1 मेगाबाइट असते. ती न वाढवल्यास 413 क्रमांकाची चूक येते. हा मंदपणा नव्हे, सरळ नकार आहे, म्हणून तो लगेच कळतो. खरा घोळ होतो तो बफरिंगमध्ये, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवून ठेवण्यात. मूळ मांडणीत इंजिनेक्स आलेला मजकूर स्वतःकडे पूर्ण जमा करतो आणि मगच मागच्या नेक्स्टक्लाउडकडे पाठवतो. हे दुहेरी लिखाण टाळण्यासाठी अनेक मार्गदर्शक लेख बफरिंग बंद करायला सांगतात. पण जोडणी एचटीटीपी-2 या वेबच्या नव्या संदेशवहन-पद्धतीची असेल, तर बफरिंग बंद होताच इंजिनेक्स एका वेळी किती मजकूर स्वीकारायचा याची खिडकी लहान करतो, आणि मूळ मांडणीत ती 64 किलोबाइटांची असते. सर्व्हर आणि सभासद यांच्यातील संदेशाची जा-ये 50 मिलिसेकंदांची असेल, तर सेकंदाला साधारण 1.3 मेगाबाइटांपलीकडे काही जाणार नाही, मग फायबर कितीही वेगवान असो. घरातल्या केबलवर जा-ये एका मिलिसेकंदाच्या आत होत असल्याने हा दोष तेथे दिसतच नाही. म्हणूनच घरच्या चाचणीत सगळे सुरळीत आणि मुंबईतल्या सभासदाची तक्रार कायम, असे विचित्र चित्र तयार होते. क्लायंट बॉडी बफर साइझ 512 किलोबाइट केल्यास ही कमाल मर्यादा आठपट होते. नेक्स्टक्लाउडच्या अधिकृत मार्गदर्शिकेतील इंजिनेक्सच्या नमुन्यात हा आकडा दिलेला आहे, पण त्याचे कारण एका ओळीत उरकलेले असल्याने घाईत नमुना छाटणारे नेमकी तीच ओळ गाळतात.

घरच्या जोडणीला बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नसेल, तर बोगद्याचा, म्हणजे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत वाट काढून देणाऱ्या सेवेचा आधार घ्यावा लागतो. क्लाउडफ्लेअरचा बोगदा सोयीचा आहे, परंतु विनामूल्य योजनेत एका विनंतीला 100 मेगाबाइटांची मर्यादा असल्यामुळे तुकडे त्याहून लहान ठेवावे लागतात. टेलस्केल या खासगी जाळे जोडून देणाऱ्या सेवेत दोन यंत्रांची थेट गाठ पडली तर वेग चांगला मिळतो. ती न पडल्यास मजकूर मध्यस्थ सर्व्हरमधून फिरून येतो आणि वेग बराच घटतो. टेलस्केलला स्टेटस आज्ञा दिल्यास जोडणी थेट आहे की मध्यस्थामार्फत, हे स्पष्ट कळते. एवढा प्रामाणिकपणा नेक्स्टक्लाउडच्या पट्टीकडे असता तर हे परीक्षण निम्म्यात आटोपले असते.

छायाचित्रांचा अनुभव निराळा येतो. एक मोठी चित्रफीत आणि तेवढ्याच आकाराची हजारो छायाचित्रे यांत छायाचित्रांना अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलमागे डेटाबेसमध्ये नोंद आणि कुलूप आलेच. एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर बसवलेला सर्व्हर येथे सर्वांत आधी गुडघे टेकतो. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा अधिक दमदार डेटाबेस घ्यावा, कुलपांचे काम रेडिस या रॅममध्ये चालणाऱ्या साठ्याकडे सोपवावे, आणि पाय 4 सारख्या मर्यादित रॅमच्या यंत्रावर विषाणू-तपासणीचे ॲप बसवण्याआधी दोनदा विचार करावा.

पावसाळ्यात वीज वारंवार येते-जाते, तेव्हा ब्राउझर आणि डेस्कटॉप क्लायंट (संगणकावर बसवायचे नेक्स्टक्लाउडचे ॲप) यांतील फरक उघड होतो. डेस्कटॉप क्लायंट तुटलेले अपलोड उरलेल्या तुकड्यांपासून पुढे नेतो आणि मिळणाऱ्या वेगानुसार तुकड्यांचा आकारही बदलतो. ब्राउझरचे पान एकदा गेले की फाइल पहिल्यापासून चढवावी लागते. त्यामुळे मोठ्या चित्रणासाठी सभासदांना ब्राउझरचा दुवा देऊच नये, क्लायंट बसवून द्यावा. सर्व्हरला यूपीएस हवाच, आणि त्याच यूपीएसवर राउटर व फायबरची पेटीही जोडावी, कारण सर्व्हर जागा आणि राउटर झोपलेला असेल तर अपलोड तेवढेच तुटते.