रेकॉर्ड साफ करायला घराबाहेर देऊ नका

अण्णा गेले आणि त्यांच्या रेकॉर्ड माझ्याकडे आल्या. तीस एलपी, म्हणजे व्हिनाइल या प्लास्टिकच्या ग्रामोफोन रेकॉर्ड, आणि सोळा लाखेच्या जुन्या तबकड्या, त्यातल्या काही तर आजीच्या, हिराबाई बडोदेकर आणि बालगंधर्व यांच्या गाण्यांच्या. पुण्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पहिल्याच पावसाळ्यात कव्हरांना कुबट वास यायला लागला. एक एलपी बाहेर काढली तर तिच्यावर पांढरट ठिपके. बुरशीच ती. अण्णा असते तर त्यांनी एका संध्याकाळी सगळं निस्तरलं असतं, पण मला हात लावायचीच भीती वाटत होती. त्या भीतीपायीच मी फसले.

ओळखीतल्या एकांनी 'रेकॉर्ड क्लीनिंग' करणाऱ्या गृहस्थांचा नंबर दिला. ते घरी आले, बोलायला अगदी गोड. "ताई, या वस्तू आता परत मिळत नाहीत हो," असं म्हणत त्यांनी एक एलपी खिडकीपाशी नेली, जवळच्या बाटलीतलं काहीतरी फडक्यावर घेतलं आणि अर्धीच तबकडी पुसली. पुसलेला भाग काळाभोर, आरशासारखा, आणि उरलेला मळकट. मी तिथेच विरघळले. मशीन जड आहे, घरी आणता येत नाही, आठ दिवसांत घरपोच देतो, एका रेकॉर्डचे १५० रुपये. शेहेचाळीसचे ६,९०० झाले, त्यातले ४,००० मी लगेच दिले.

जाण्यापूर्वी त्यांनी एकेक एलपी उजेडात तिरकी धरून लेबलाच्या कडेची गुळगुळीत पट्टी निरखून पाहिली. मला वाटलं, किती काळजीने बघतायत! त्या पट्टीवर कारखान्यात कोरलेला नंबर असतो. एकच एलपी कोलकात्याजवळच्या दमदमच्या रेकॉर्ड कारखान्यातून वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली जायची, आणि संग्राहक आधीच्या छपाईला कितीतरी जास्त पैसे मोजतात. आधीची कुठली आणि नंतरची कुठली, हे त्या नंबरावरून कळतं. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं.

आठाचे तेरा दिवस झाले, पण रेकॉर्ड आल्या. मोजल्या, बरोबर शेहेचाळीस. सगळ्या लखलखीत. उरलेले पैसे दिले आणि 'सर्व मिळाले, तक्रार नाही' अशा कागदावर सहीही केली.

त्या रात्री मी भीमसेनजींची एलपी लावली. तिच्या दुसऱ्या बाजूला, विलंबित ख्यालात, एका जागी ओरखडा होता. मी शाळेत असताना माझ्याच हातून पडलेला. एलपी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. त्यामुळे ओरखडा आडवा असला की तेवढ्याच अंतराने टक्, टक्, टक् असा आवाज येतो. आमच्याकडे तो सात वेळा यायचा. अण्णा त्या जागेला कधी रागावले नाहीत, पण त्या सात ठोक्यांत माझ्याकडे बघायचे. त्या रात्री ती जागा आली आणि गेली. एकही टक् नाही.

मी लगेच फोन केला. "बघा ताई, किती साफ झालीय! टक्सुद्धा गेला," ते म्हणाले. घटकाभर मला खरंच आनंद झाला. मग झोप लागेना. मळ धुतला जातो, पण ओरखडा धुतला जात नाही. तो मळ नव्हेच, ज्या खाचेतून सुई फिरते तिची भिंतच तिथे तुटलेली असते. उठून लेबल पाहिलं. अण्णा भोकाच्या डावीकडे जांभळ्या शाईने खरेदीची तारीख घालायचे, ती नव्हती. कव्हर आमचंच, आतली रेकॉर्ड दुसऱ्या कुणाची. पहाटेपर्यंत तीसही एलपी तपासल्या. चारांवर तारीख नव्हती. "शाई धुऊन गेली असेल," असं उत्तर मिळालं. उरलेल्या सव्वीसांवर मात्र तीच शाई शाबूत होती.

जी चमक बघून मी भुलले, ती स्वच्छता नव्हतीच. दोन दिवसांत सुईच्या टोकाला काळ्या मेणासारखा गोळा जमायला लागला आणि आवाज बसल्यासारखा झाला. तबकडीला नाक लावलं तर गाडीच्या डॅशबोर्डवर मारतात त्या स्प्रेचा लिंबासारखा वास. असल्या तेलकट थराने बारीक ओरखडे दिसेनासे होतात, म्हणून मला दिलेल्या झिजक्या प्रतीही नव्यासारख्या दिसल्या. जुन्या बाजारात रेकॉर्ड घेतानाही हे लक्षात ठेवा: फार चकाकत असेल तर कडेला कोरडं पांढरं फडकं फिरवा आणि त्यावर तेलकट डाग येतो का बघा.

लाखेच्या तबकड्यांचं मला अजून सहन होत नाही. सुतार पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी त्याच लाखेत दगडाची पूड आणि काजळी घालून केलेली असते. तिला स्पिरिट लावलं की पृष्ठभागच सुटतो. या माणसाने आमच्या पाच तबकड्या स्पिरिटने पुसल्या आणि राखाडी पडलेल्या भागावर तोच स्प्रे मारला. आजीची हिराबाईंची तबकडी त्या पाचांत होती. आता तिच्यातून फक्त खरखर येते आणि खरखरीच्या खूप मागे कुणीतरी गातंय एवढंच कळतं.

पोलीस चौकीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचीच रेकॉर्ड हे कशावरून?" माझ्याकडे फक्त नावांची यादी होती. नंबर नाहीत, फोटो नाहीत, वर माझी सही. म्हणून कळकळीने सांगते, कुणालाही रेकॉर्ड दाखवण्याआधीच प्रत्येकीच्या दोन्ही लेबलांचे आणि त्या पट्टीवरच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की नंबर स्पष्ट दिसतो.

आणि मुळात बाहेर द्यायची गरजच नसते. मी आता घरीच करते. कोमट नव्हे, साधं डिस्टिल्ड वॉटर, लिटरला भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब आणि मऊ मायक्रोफायबर. खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही, आणि लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्या फडक्याने पुसून, भांड्यांच्या रॅकमध्ये सावलीत उभी सुकवायची. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत बसतात. लाखेच्या तबकडीला पाणी कमीत कमी, ते लगेच टिपायचं, आणि तडा गेला असेल तर ओलं फडकं लावायचंच नाही. रेकॉर्ड लाखेची की व्हिनाइलची याची शंका असेल तर स्पिरिट किंवा अल्कोहोल घरातसुद्धा आणू नका. धुतल्यावर जुन्या बुरशीच्या पाकिटात परत घालू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. नवीन पाकिटं, रेकॉर्ड उभ्या, आणि भिंतीपासून चार बोटं दूर.

तो तेलकट थर काढायला तीन-तीन वेळा धुवावं लागलं. सव्वीसांपैकी एकोणीस पुन्हा नीट वाजतायत.

जुन्या बाजारात तुम्हाला भीमसेनजींची एखादी एलपी मिळाली आणि तिच्या लेबलवर भोकाच्या डावीकडे जांभळ्या शाईत १४-८-७२ असं दिसलं, तर ती कुठून आली हे विकणाऱ्याला जरूर विचारा. दुसऱ्या बाजूला, विलंबितात, टक् सात वेळा येईल.