लाल ठिपक्याचा एचपी-३५ घेताय? आधी स्विच बंद करून बघा

जुने कॅल्क्युलेटर जमवणारे सोलापुरात आम्ही मोजकेच. त्यामुळे कोण कशाला भुलतो हे विकणाऱ्यांना तोंडपाठ असतं. नवी पेठेच्या आसपास जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा धंदा करणाऱ्या एकानं मला २८,००० रुपयांना गंडवलं. कसं, ते सविस्तर लिहितो, कारण त्याचा माल अजून संपलेला नाही.

एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. १९७२ साली ३९५ डॉलरला निघाला, आणि ३५ बटणं म्हणून नाव ३५. अगदी सुरुवातीच्या नगांना स्विचशेजारी बारीक भोक असे. स्विच चालू केला की त्यात लाल ठिपका दिसायचा, बंद केला की गायब. पुढच्या पट्टीवर फक्त कंपनीचं नाव असे, ३५ हा आकडा नंतर आला. हौशी लोक याच ठिपक्याचे जास्त पैसे मोजतात.

"मिलच्या साहेबाच्या घरातला आहे काका, डोळे झाकून घ्या की ओ," असं म्हणत त्यानं कॅल्क्युलेटर हातात दिला, तोही चालू करूनच. लाल आकडे झळकत होते, ठिपकाही दिसत होता. "बरोबरचं बटणच नाही बघा, इतका जुना!" हे वर. अहो, ते कुठल्याच एचपी-३५ला नसतं! त्यात आधी दोन्ही आकडे द्यायचे आणि मग बेरजेचं बटण दाबायचं. सगळ्यांत असलेली गोष्ट दुर्मिळ म्हणून सांगणं ही त्याची खास कला. पाठीवरचा सिरियल नंबर १२ नं सुरू होत होता. हे पहिले दोन आकडे म्हणजे १९६० नंतरची वर्षं, पुढचे दोन आठवडा. म्हणजे १९७२. नंबर खरा होता, आणि तिथंच मेख होती.

घरी आल्यावर स्विच बंद केला. ठिपका तसाच! भिंगाखाली धरलं तर भोकाच्या कडा कुरतडल्यासारख्या, मूळ साच्यातून आलेलं भोक असं नसतं. आत नेलपॉलिशसारखा रंग, एका बाजूला ओघळलेला. कंपनीच्या नावाची पट्टी एका कोपऱ्यात उचललेली आणि खाली जुन्या गोंदाचा पिवळा डाग. मागच्या सूचनांच्या लेबलाला सुरकुत्या होत्या. काही स्क्रू त्या लेबलाखाली असतात, म्हणजे कुणीतरी ते सोलून पुन्हा चिकटवलेलं.

ओळखीच्या मेकॅनिककडे उघडून घेतला. चिपांवरचे तारखेचे आकडे ७४ नं सुरू होणारे, म्हणजे १९७४चे. १९७२च्या एका नगाचं पाठचं झाकण आणि पट्टी, बाकी सगळं नंतरच्या नगाचं. एकही भाग नकली नाही, हेच खरं दुखणं. आकड्यांची बटणंही अस्सल: दोन रंगांचं प्लास्टिक साच्यात दोनदा ओतून केलेली, अंक आतपर्यंत गेलेला, पन्नास वर्षांत झिजत नाही. त्यामुळे बटणं बघून वय कळत नाही.

एक जुनी परीक्षा सांगतात: २.०२चा नॅचरल लॉग घ्यायचा आणि लगेच ई-एक्सचं, म्हणजे तो लॉग उलटवणारं, बटण दाबायचं; उत्तर पुन्हा २.०२ यायला हवं. पहिल्या काही नगांत चूक होती, उत्तर नुसतं २ यायचं. माझ्यात २.०२ आलं. पण केवळ यावर भांडू नका. कंपनीनं तेव्हा ते नग दुरुस्त करून दिले होते, त्यामुळे खरा जुना नगही २.०२ दाखवू शकतो.

परत गेलो तर त्यानं पावती पुढं केली. "जुना कॅल्क्युलेटर, १ नग. गॅरंटी नाही." सालाचा उल्लेख नाही, ठिपक्याचा नाही, मूळ भागांचा तर नाहीच. "मी फक्त कॅल्क्युलेटर विकलाय, चालतोय ना?" चालतोय, सेल नवे टाकलेत, एवढं मान्य. पोलिसांकडंही पहिला प्रश्न हाच आला: लेखी काय आहे?

तेव्हा पावतीवर साल, नंबर आणि "सर्व भाग एकाच नगाचे" हे लिहून मागा. तो का कू करू लागला तर पैसे खिशातच ठेवा. आणि हो, गेल्या आठवड्यात त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आणखी एक लाल ठिपक्याचा एचपी-३५ होता. फोटो अर्थातच चालू अवस्थेतला.