पंचवीस लिटरचा गिझर, पाच माणसं आणि जळगावचं क्षाराचं पाणी: सव्वा वर्षाचा अनुभव

आमच्या गावी, अमळनेर तालुक्यात, अजूनही तांब्याचा बंब आहे. खाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) सरकवायच्या, वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत पाणी येतं. विजेचं बिल शून्य. जळगावात फ्लॅटमध्ये बंब कुठे पेटवणार? म्हणून मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर 25 लिटरचा, 2000 वॅटचा साठवणीचा गिझर घेतला. आता दोन हिवाळे झाले. घरात आबा, माय, आम्ही दोघं आणि मुलगी.

पहिल्या जानेवारीचं बिल आलं आणि आबांनी निकाल देऊन टाकला: बटण दिवसभर चालू राहतं म्हणून. मलाही तेच पटलं होतं. बटणावर पहारा बसला. माय न्हाणीतून ओरडायची, "पानी तापनं का रे भो?" आणि मी बाहेर घड्याळ बघत उभा. पण भांडण्यापेक्षा मोजावं म्हणून 16 अँपिअरच्या सॉकेटला लागणारा छोटा मीटर आणला. या सव्वा वर्षातला सगळ्यात चांगला खर्च तोच.

दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो, पुढे शहाद्याला नातेवाइकांकडे मुक्काम. घर दोन दिवस बंद. गिझर मी मुद्दाम चालू ठेवून गेलो. परत आलो तर मीटरवर जवळपास 3 युनिट! एक थेंब पाणी न वापरता. आबा म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो."

पण पाणी वापरलं गेलं होतं. न्हाणीतला गरम नळ थेंब थेंब गळत होता. खाली तांब्या लावून मोजलं, दिवसाला पंधरा-एक लिटर. म्हणजे दोन दिवस आम्ही गटाराला आंघोळ घालत होतो. नळाचा वायसर बदलला, काही रुपयांचं काम. पुढच्या वेळी घर बंद ठेवून पुन्हा मोजलं: 24 तासांना 0.7 युनिट. ही टाकीच्या अंगातून जाणारी खरी उष्णता. नवा गिझर घेताना वीज-बचतीच्या स्टार लेबलवर हाच आकडा छापलेला असतो, पाणी बाहेरच्या हवेपेक्षा 45 अंश गरम असताना 24 तासांत किती युनिट वाया जातात तो. दुकानदार टाकीचा रंग दाखवतो, तुम्ही तो आकडा बघा.

आता हिशेब. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1.16 वॅट-तास लागतात (1000 वॅट-तास म्हणजे 1 युनिट). जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आमच्याकडे 17 अंशांच्या आसपास असतं. वीस लिटरची बादली 40 अंशांची हवी, तर अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. पाच बादल्यांचे पावणेतीन युनिट. थंडीत आमचा रोजचा आकडा सव्वातीनच्या आसपास येतो. म्हणजे पैसे बादलीत जातात, बटणात नाही. दिवसभर चालू ठेवण्याऐवजी फक्त सकाळ-संध्याकाळ लावून महिन्याला दहा-पंधरा युनिट वाचले, तेही कमी नाहीत, पण शॉवर सोडून बादलीवर आल्याने त्याहून जास्त वाचले. मुलगी अजून या मुद्द्यावर माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक गैरसमज माझाच होता, की तापमान कमी ठेवलं की आंघोळीची वीज वाचते. नाही वाचत. चाळीस अंशांची बादली 65 च्या पाण्यात गार मिसळून करा की 50 च्या, उष्णता तेवढीच लागते. फरक पडतो तो साठ्यात. 65 ला एका टाकीत हिशेबाने अडीच बादल्या होतात, 50 ला पावणेदोन. 17 वरून 65 ला जायला 40-45 मिनिटं लागतात. मी 60 वर थांबलोय. त्याच्या वर क्षार फार झपाट्याने धरतो, आणि फार खाली कोमट ठेवलं तर टाकीत जंतू वाढायला मोकळीक मिळते. गरम नळ मात्र बारीक सोडा. पूर्ण सोडला की खालून शिरणारं गार पाणी वरच्या गरम पाण्यात ढवळलं जातं आणि दुसरी बादली कोमट येते. उभ्या टाकीत गरम पाण्याचा थर जास्त चांगला टिकतो. आडवी टाकी फक्त न्हाणीचं छत बुटकं असेल तरच घ्या.

आता क्षाराचं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. एका वर्षाने मेकॅनिकने खालची प्लेट काढली तर पांढऱ्या खपल्या निघाल्या, अर्धं टमरेल भरेल इतक्या. हीटिंग एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, प्लास्टरच चढलेलं. मला वाटलं, म्हणूनच वीज जास्त खात असेल. मेकॅनिक हसला. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, उष्णता जाणार कुठे, शेवटी पाण्यातच. वीज फारशी वाढत नाही, पण क्षाराच्या थराखाली कॉइलच तापून जळते. आमची दोन महिन्यांनी जळलीच. वॉरंटीत बसत नाही, क्षार हा तुमच्या पाण्याचा दोष, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं. गिझरला द्यायच्या गुणांतला एक स्टार मी तिथे कापला. नवी कॉइल इनकोलॉयची, म्हणजे लवकर न गंजणाऱ्या मिश्रधातूची, बसवली. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड अंगठ्याएवढा होता तो करंगळीएवढा उरला होता, तोही बदलला. हा रॉड स्वतः गंजून टाकीला वाचवतो, त्यामुळे त्याची झीज हेच त्याचं काम.

एक धोक्याची गोष्ट. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकायचं. शेजारचे काका म्हणाले, बूच मारून टाका. नशीब, मारलं नाही. पंचवीस लिटर पाणी तापून साधारण अर्धा लिटर फुगतं, ते तिथून बाहेर पडतं. ती वाट बंद केली आणि पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅटही अडकला, तर टाकी म्हणजे बॉम्ब. व्हॉल्व्हला नळी लावून खाली बादलीत सोडलीय, एवढंच. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय व 30 मिलिअँपिअरचा गळती-स्विच (वीज गळली की पुरवठा तोडणारा) बसवल्याशिवाय न्हाणीत गिझर लावूच नका.

मार्चच्या मध्यापासून बटण बंदच. एप्रिल-मेमध्ये इथे गार नळालाच दुपारी हात लावता येत नाही, तेव्हा उलट पहाटे बादल्या भरून ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात पुन्हा लावताना आधी टाकीतलं जुनं पाणी सोडून देतो, मग भरल्याची खात्री करून चालू करतो, रिकाम्या टाकीत कॉइल क्षणात जाते.

एकच गोष्ट अजून सुटली नाही. गिझर न्हाणीत आणि मायला गरम पाणी स्वयंपाकघरात हवं. मध्ये दहा मीटर पाइप, दर वेळी दीड-एक लिटर गार पाणी आधी येतं. पाइपवर फोमचं आवरण घातलं, फारसा फरक नाही, पहिलं पाणी गारच. आता माय ते पाणी कळशीत धरते आणि तुळशीला घालते. भांड्याला गॅसवरच पाणी तापवते.