मायग्रेन डायरीचं अ‍ॅप: मुंग्या टिपायला उत्तम, वासाला मात्र जागा नाही

डोकं किती दुखलं हे लिहायला साधी वही पुरते. मी हे अ‍ॅप घेतलं ते दुखण्याआधी जे होतं त्यासाठी. मला आधी करपल्याचा वास येतो, आजूबाजूला काहीही जळत नसताना. मग डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, त्या कोपरापर्यंत चढतात आणि दंड-खांदा सोडून एकदम ओठाच्या कोपऱ्यावर, जिभेच्या कडेला येतात.

यासाठी अ‍ॅपमधलं शरीराचं चित्र फार कामाचं आहे. मुंग्या असतील तिथे बोट टेकवायचं, वेळ आपोआप नोंदली जाते. ऑरा, म्हणजे दुखण्याआधीचा हा टप्पा, चालू असताना मला अक्षरं अर्धवट दिसतात, टाइप करणं जमतच नाही. स्क्रीन पूर्ण काळी ठेवता येते, हेही कुणीतरी समजून केलंय.

वेळेला महत्त्व आहे, कारण ऑरात मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगाने सरकते. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी 1941 मध्ये स्वतःच्या डोळ्यांपुढे पसरणाऱ्या डागाचं निरीक्षण करून हाच वेग काढला होता. हात आणि चेहरा यांच्या जागा मेंदूत शेजारी आहेत, म्हणून मुंग्या अशी उडी मारतात. हळूहळू पसरून 5 ते 60 मिनिटं टिकणारं लक्षण ऑराशी जुळतं. पण अचानक हातातलं बळ गेलं किंवा तोंड वाकडं झालं तर नोंदी करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. ही सूचना पहिल्याच पानावर हवी होती. ती 'मदत'मध्ये कुठेतरी खाली आहे.

खरी तक्रार वासाची. यादीत दृष्टी, स्पर्श आणि बोलणं एवढंच. वास 'इतर'मध्ये लिहावा लागतो आणि डॉक्टरांसाठीच्या अहवालात 'इतर' येतच नाही! वास ऑराच्या नेहमीच्या लक्षणांत मोडत नाही, मान्य. पण माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, वास किती वेळ टिकतो? कारण नसलेला वास थोडाच वेळ येऊन जात असेल तर तो फिटचाही असू शकतो. इतकी महत्त्वाची नोंद अहवालातून गळावी, हे मला पटत नाही.

मुंग्या किंवा नागमोडी रेघा असणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पाचपैकी चार तारे. वास, आवाज मोठे वाटणं, स्वतःचा हात लहान-मोठा भासणं असं काही होत असेल तर 'इतर'चा स्क्रीनशॉट काढून डॉक्टरांना वेगळा दाखवा.