अर्कचित्र: समोर बसवून की फोटोवरून?

अर्कचित्र म्हणजे चेहऱ्याची खास वैशिष्ट्यं वाढवून काढलेलं गमतीदार चित्र, कॅरिकेचर. समारंभात माणसाला समोर बसवून ते काढताना एका चेहऱ्याला जेमतेम 5 मिनिटं मिळतात. खोडरबर विसरायचं; ब्रशपेनची रेघ पडली की पडली. पण माणूस हसतो, मान वळवतो, भुवई उडवतो, आणि अर्क नेमका तिथेच सापडतो. म्हणून नव्याने फ्रीलान्स करणाऱ्याने आधी हेच काम घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. मोबदला बहुधा तासावर ठरतो.

फोटोवरच्या कामात वेळ भरपूर, रंगही निवांत भरता येतात. मात्र लेन्स फसवते: जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मुळातच फुगलेलं असतं, तेच आपण आणखी वाढवतो आणि चेहरा हुकतो. वेगवेगळ्या कोनांतले 3-4 फोटो मागावेत. दुरुस्त्या किती वेळा करणार हे आधीच लिहून द्यावं, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी.