टेफ्लॉन लिपचं फ्रंट क्रँक सील: काही महिने चालवल्यानंतर

फ्रंट क्रँक सील म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती ऑइल अडवणारी कडी. टेफ्लॉनचा हा किट साध्या रबरी सीलपेक्षा चांगलाच महाग आहे. पण डिझेल ट्रकमध्ये पुढचं सील बदलायचं म्हणजे पंखा, बेल्ट, पुली आणि डँपर उतरवावे लागतात. खरा खर्च तिथेच होतो, आणि तो दोनदा करणं परवडत नाही. त्याच हिशोबाने टेफ्लॉन सील आणि स्लीव्ह (झिजलेल्या शाफ्टवर चढवायची पातळ नळी) असा पूर्ण किट घेतला. सीलची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी आतली कड, आजवर कोरडी आहे. तरी पूर्ण गुण देणार नाही, आणि त्याला कारण आहे सीलच्या आत बसवून येणारी प्लास्टिकची रिंग.

ती रिंग म्हणजे पॅकिंग नव्हे. टेफ्लॉनची लिप मोकळी राहिली की आत मिटत जाते आणि क्रँकवर सरकवताना तिची कड उलटी दुमडते. एकदा दुमडली की सील बाद. म्हणून रिंग सीलमध्येच ठेवायची, क्रँकच्या टोकाला टेकवायची, तिच्यावरून सील थेट शाफ्टवर सरकवायचं आणि मगच रिंग काढायची. एवढी महत्त्वाची गोष्ट, आणि किटमधल्या कागदावर तिच्याबद्दल एक अंधुक चित्र आहे, शब्द एकही नाही. या किमतीला हे खपवून घेण्यासारखं नाही. गॅरेजमध्ये सवयीने रिंग आधी काढून फेकतात आणि लिपला ऑइल चोळतात. रबरी सीलला ऑइल लावणं बरोबरच आहे. टेफ्लॉनला मात्र शाफ्ट आणि लिप दोन्ही कोरडे, ग्रीसचा डागही नसलेले लागतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत टेफ्लॉनचा पातळ थर शाफ्टवर चढतो आणि ऑइल अडतं ते त्या थरामुळे. मध्ये ऑइल आलं तर थर नीट धरत नाही, नवं सील पाझरतं आणि दोष मालावर जातो.

स्लीव्ह सरसकट चढवू नका. जुन्या लिपच्या जागी शाफ्टवरून आडवं नख फिरवा. खाच नखाला अडकत असेल तरच स्लीव्ह घ्या. पातळ स्लीव्ह साधारण 0.28 मिमी जाडीची असते, तिच्यावर मूळ मापाचं सील चालतं. जाड स्लीव्हला तिच्या जोडीचं मोठ्या आतल्या व्यासाचं सीलच लागतं, त्यामुळे दोन किटमधले भाग एकमेकांत मिसळू नका. सील सरळ बसलं की नाही ते चारही बाजूंनी खोली मोजून पाहा. एका बाजूने हातोडी मारत गेलं की ते तिरकं जातं.

काही महिन्यांनी चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) पुढच्या कडेला पुन्हा ओल दिसली, तेव्हा या सीलवरचं मत पार उतरलं होतं. तपासल्यावर ते पुन्हा वर आलं. पुढचा भाग डीग्रीझरने धुतला, ऑइलमध्ये बाटलीवरच्या मापाने अतिनील प्रकाशात चमकणारा डाय टाकला, इंजिन गरम होईपर्यंत चालवून बंद केलं आणि अतिनील दिवा मारला. सीलभोवती काहीच चमकलं नाही. चमकला तो फ्रंट कव्हर आणि चेंबर जिथे भेटतात तो कोपरा. तिथे गॅस्केटचे दोन तुकडे मिळतात आणि त्या सांध्यात सीलंटचा थेंब हवाच.

शोधताना नेहमी सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा बघा. पंख्याची हवा ऑइल मागे आणि खाली पसरवते, त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथे गळती क्वचितच असते. व्हॉल्व्ह कव्हर, एअर कॉम्प्रेसरचा किंवा फ्युएल पंपाचा फ्लँज, इंटरकूलरच्या होजचा क्लँप, या सगळ्यांचं ऑइल खाली येऊन क्रँक सीलच्या नावावर जमा होतं. ओल पातळ असून डिझेलचा वास येत असेल तर आधी फ्युएल पंप बघा. लालसर असेल तर पॉवर स्टीअरिंग बघा.

सील मागवण्याआधी ब्रीदरही, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाटही, तपासा. तो चोंदला की क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत) दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडा, दुसरं उघडं ठेवा आणि इंजिन चालू असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते. ब्रीदर साफ करूनही फरक जास्त राहिला तर पिस्टन रिंगा किंवा टर्बो तपासायला हवा. तिथे कितीही महाग सील टाकलं तरी ते गळणारच.

कोपऱ्याच्या दुरुस्तीला फार सामान लागलं नाही. चेंबरचे पुढचे बोल्ट सैल करून जुनं सीलंट खरवडून काढायचं, दोन्ही पृष्ठभाग सॉल्व्हंटने पुसायचे, सांध्यात सीलंट भरायचं, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसायचे आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्यायचं. तोवर ऑइल भरायचं नाही.