दहा बोटांचा रिपोर्ट: साडेचार हजार रुपये, एक स्टार

बेळगावात टिळकवाडीत एका माडीवर ऑफिस आहे. मुलांच्या दहा बोटांचे ठसे घेऊन "जन्मजात बुद्धिमत्ता" सांगतात. नाव लिहीत नाही, असली दुकानं एक मिटलं की दुसरं उघडतंच. फी साडेचार हजार. वडगावात आमचे चार पॉवरलूम, त्यातला एक बंद, तेव्हा पैसे कुठून आणले ते विचारू नका. लेक आठवीला आहे, गणितात मागं पडत होती. कुणीतरी पत्रक दिलं, बायकोला पटलं, मलाही पटलं.

सेवेला नाव ठेवणार नाही. एसी, थंड पाणी, मुलीला चॉकलेट. ठसे दहा मिनिटांत झाले. मग तिथला पोरगा म्हणाला, "काका, तुमचेपण घेऊया की, अर्ध्या किमतीत. बाप-लेकीची जुळणी कळते." मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. लुंगीला पुसून ठेवला, परत लाल. तीस वर्षं सूत हाताळून बोटांवरच्या रेषा झिजल्यात. रेशनलाही माझा अंगठा लागत नाही, बायकोला न्यावं लागतं. "तुमचं येत नाही काका," म्हणाला. म्हणजे बुद्धी माझ्याकडं नाही की मशीनकडं, ते काही बोलला नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. चाळीस पानं, गुळगुळीत कागद, रंगीत चकत्या. संगीत सगळ्यात वर, गणित सगळ्यात खाली. पोरीनं आजवर आरतीत टाळ सोडून काही वाजवलेलं नाही. ते हसून सोडलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून गणिताची वही दप्तरातून बाहेरच येईना. रागावलो तर म्हणते, "पप्पा, माझ्यात नाहीच की ते. तुम्हीच पैसे दिलात ना बघायला?" स्टार एकच आहे तो यासाठी.

माझा भाचा बी.एड. करतोय. रिपोर्ट चाळून त्यानं कपाळाला हात लावला. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात, पुढं बाळ काय शिकणार ते त्यात कुठून उमटणार? हुबेहूब एकसारख्या जुळ्यांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. या मशीनच्या हिशेबानं त्यातला एक इंजिनिअर आणि एक गवई! गाल्टन म्हणून इंग्लंडचा एक शास्त्रज्ञ होता. बुद्धी वंशातूनच येते असं ठासून सांगणारं पुस्तक त्यानं 1869 मध्ये काढलं. ठशांवरचं त्याचं पुस्तक 1892 चं. त्यानं विद्यार्थी, शेतमजूर, मंदबुद्धी माणसं अशा सगळ्यांचे ठसे ताडून पाहिले आणि फरक काही सापडला नाही. म्हणजे ज्याला असं काहीतरी सापडावं असं मनापासून वाटत होतं, त्यालाच सापडलं नाही. आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. हे पत्रकावर नव्हतं.

नुसत्या सरावानं सगळं होतं असंही मी म्हणणार नाही. तुटलेला धागा सांधायची गाठ माझा थोरला भाऊ आठवड्यात शिकला. मला दोन महिने लागले, तोवर माग बंद पडला की आजोबा आधी माझ्याकडं बघायचे. आजही त्याचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे. (रेशनला अंगठा त्याचाही लागत नाही.) भाच्यानं सांगितलं, 2014 मध्ये संशोधकांनी बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितली, तर माणसामाणसांच्या कौशल्यातला फरक सरावावरून संगीतात 21 टक्के उलगडला आणि शिक्षणात जेमतेम 4. बाकीच्यात घर आलं, शिकवणारा आला, मूळचा पिंड आला. काय किती, ते त्या रंगीत चकत्यांत मावणारं नाही.

मग मी तिला मागावरच बसवलं. इंचाला 48 आडवे धागे, साडी साडेपाच मीटर, तर एकूण धागे किती? तिनं 9,504 काढले. मीटरला 36 इंच धरले होते, वार आणि मीटर एकच समजून. मी काही बोललो नाही, लोखंडी पट्टी हातात दिली. कापडावर मोजत बसली, पुटपुटली, खोडलं, आणि 10,392 वर आली. नंतर स्वतःच विचारलं, "मग एका दिवसात किती धागे टाकता हो पप्पा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते काढण्यात संध्याकाळ गेली आणि कांड्या भरायच्या राहिल्या. परवाच्या चाचणीत 25 पैकी 14. आधी 9 होते. पहिल्या दहांत वगैरे काही नाही.

पैसे परत मागायला गेलो होतो. एकदा रिपोर्ट छापला की परत नाही म्हणाले, पावतीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय. निघताना तोच पोरगा जिन्यापर्यंत आला. "काका, धाकट्याला घेऊन या, हजार रुपये कमी करतो."